नऊ कोऱ्या खिळ्यांचा डाव

सहा वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं. त्याचं उत्तर मी दिलं नाही. पत्र लांबलचक नव्हतं. वहीच्या पानाच्या एका बाजूवर मावलेलं, निळ्या शाईतलं. अक्षर सुटं सुटं, जणू एकेक वेचून ओळीत बसवलेलं. ज्याने वीस वर्षं छापखान्यात हाताने अक्षरांचे खिळे जुळवले त्याचं अक्षर तसंच येणार. खाली सही होती, 'तुझा शिट्टी'. आणि वरच्या सगळ्या मजकुरात मला विचारलेला प्रश्न एकच होता. त्याला एका शब्दाचं उत्तर पुरलं असतं.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर माझं पोट भरलं. पण या पत्राचं उत्तर लिहायला बसलो की पहिल्या वाक्यानंतरच हात समासात खुणा करायला लागायचा. इथे 'कदाचित' घालावं का? 'मला आठवतं' ऐवजी 'मला आठवतं असं वाटतं' बरं दिसेल का? शेवटी कागदावर नुसत्या खुणाच उरायच्या आणि कागद टोपलीत जायचा. असं अकरा वेळा झालं.

प्रश्न समजायचा तर आधी खेळ समजला पाहिजे. तो सांगायला मी योग्य माणूस नाही, कारण मी स्वतः तो एकदाही खेळलो नाही. पण नियम मला पाठ आहेत. मी पंच होतो.

तेव्हा छपाई शिशाच्या खिळ्यांनी व्हायची. अक्षरांच्या खिळ्यांसोबत कोरे खिळेही लागत. परिच्छेद अर्ध्या ओळीत संपला की उरलेली ओळ त्यांनी भरून काढायची. त्यातला जाड, चौरस, कोरा खिळा म्हणजे क्वाड. कुठल्याही खिळ्याच्या चार बाजूंपैकी एका बाजूला आडवी खाच असते. खिळा सुलटा धरलाय की उलटा, हे जुळवणाऱ्याच्या बोटाला न बघता कळावं म्हणून. कुठल्या तरी जुन्या काळी कुणा कंपोझिटरच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या, लक्षात आलं असणार की चार बाजू आणि एकीला खूण, म्हणजे हा तर तयार फासाच आहे. आमच्याकडे हा खेळ कुणी आणला ते ठाऊक नव्हतं. फोरमन म्हणायचा, मला माझ्या फोरमनने शिकवला. त्याला कुणी शिकवला असं विचारलं की म्हणायचा, "ते विचारायला आता वर जावं लागेल. निघतोस का?"

खेळाला आम्ही नुसतं 'खाचा' म्हणायचो.

छापखान्याच्या मधोमध पानं बांधायचा दगड होता. कमरेइतका उंच, वरून आरशासारखा घासलेला. जेवणाच्या पाऊण तासाच्या सुट्टीत पंधरा मिनिटांत डबे रिकामे व्हायचे आणि मंडळी दगडाभोवती जमायची. खेळणाऱ्याने नऊ क्वाड दोन्ही हातांच्या पोकळीत घ्यायचे, कानाजवळ नेऊन खुळखुळवायचे आणि दगडावर सोडायचे. जितक्या खाचा वर, तितके गुण. प्रत्येकाने तीनदा टाकायचं, बेरीज मोठी तो जिंकला. बरोबरी झाली तर दोघांनी पुन्हा तीनदा. एखादा क्वाड दगडावरून खाली पडला तर ती टाक वाया. एकही खाच वर आली नाही तर ती 'कोरी', आणि कोरी टाकणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. आणि शेवटचा नियम, ज्याच्यासाठी पंच लागायचा: एखादा क्वाड सपाट न पडता दुसऱ्या क्वाडाला किंवा कशालाही टेकून, तिरका राहिला, तर तो 'टेकू'. टेकू लागला की ती टाक रद्द, नऊच्या नऊ उचलून पुन्हा टाकायचे.

दगडावर नाणं ठेवायचं नाही, अशी फोरमनची सक्त ताकीद होती. त्यामुळे पैज कामाची लागायची. छापून झालेल्या पानातले खिळे सुटे करून एकेक आपापल्या खणात परत टाकणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि त्याची मजुरी शून्य. हरलेल्याने जिंकलेल्याची पानं सोडायची. एक पान, दोन पानं, फार रंग चढला तर आख्खा फर्मा, म्हणजे सोळा पानं. मोठी पैज लागायची ती नवीन पुस्तक आलं की. मजुरी पानावर होती. फोरमन दोन हस्तलिखितं दगडावर ठेवायचा, एक कायद्याचं, तळटिपांनी खच्चून भरलेलं, आणि दुसरं कवितांचं. जिंकेल त्याने आधी निवडायचं. कवितेच्या पानात बारा ओळी, त्याही अर्ध्यामुर्ध्या, बाकी सगळे कोरे खिळे. मजुरी मात्र तीच. कवींवर इतकं मनापासून प्रेम करणारी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

"काय रे शिट्टी, आज कवितेवर डोळा दिसतोय," बाइंडिंगच्या मावशी सुई ओवता ओवता म्हणायच्या.

"मावशी, कवी म्हणजे देवमाणूस. एका ओळीत तीन शब्द लिहितो आणि दमतो. शंभर वर्षं जगो बिचारा."

"आणि पुस्तक कोण घेणार त्याचं?"

"ते त्याच्या बायकोने बघावं. आपण जुळवून मोकळे."

बघणाऱ्यांचीही पैज असायची. तीन टाकांची बेरीज बहुतेकदा सहा-सात-आठच्या आसपास येते. म्हणून बाकीचे 'सातावर' किंवा 'सातात' बोलायचे, आणि हरेल त्याने जिंकेल त्याला चहा द्यायचा. नेमके सात आले तर दोघांचेही चहा पंचाला. असे सात वारंवार येत. माझी झोप त्या काळात बिघडली ती या चहांमुळे, पण नको म्हणायला तोंड उघडावं लागतं.

पंच मी कसा झालो? माझी खोली छापखान्याच्या कोपऱ्यात दोन पायऱ्या वर होती. तिथून मी खाली सहसा उतरत नसे. म्हणून शिट्टीने माझं नाव अनुस्वार ठेवलं. "ओळीच्या वर एकटाच बसतो, आणि याचा आवाज नाकातून येतो." एकदा टेकूवरून हातघाईची वेळ आली, तेव्हा फोरमन म्हणाला, अनुस्वाराला बोलवा. हा माणूस दुसऱ्यांदा पाणी मागायला लाजतो, हा कुणाची बाजू काय घेणार! तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. आधी तळहाताने दगड पुसायचा. टाक पडली की वाकायचं, एक डोळा मिटायचा, दुसरा दगडाच्या पातळीत आणायचा आणि नऊच्या नऊ क्वाडांखालून नजर फिरवायची. उजेडाची रेघ कुठे दिसली नाही तर म्हणायचं, "टेकू नाही." मगच बोट लावून खाचा मोजायच्या, डावीकडून उजवीकडे. मी बोट लावेपर्यंत कुणी क्वाडाला शिवायचं नाही.

खरं सांगायचं तर ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. नऊ क्वाड दगडावर पडले की आधी एक दाट आवाज, मग दोन-चार चुकार टकटक, आणि मग अवघा छापखाना माझ्या तोंडाकडे बघत थांबायचा. मी दोन शब्द बोलायचो आणि सगळे ते मानायचे. घरी, रस्त्यात, दुकानात माझं कधी कुणी काही मानलं नव्हतं.

खेळणाऱ्यांत दोघे खरे. एक शिट्टी. पुढच्या दोन दातांतल्या फटीतून सतत शीळ घालणारा. हात इतका चालायचा की खिळा खणातून उचललेला दिसायचा नाही, ओळीत बसलेलाच दिसायचा. जे जुळवायचा ते त्याच्या डोक्यात राहायचं. आख्ख्या कादंबऱ्या तो म्हणून दाखवायचा, शेवटचं प्रकरण सोडून, कारण शेवटचं नेहमी दुसऱ्या कुणाकडे जुळणीला गेलेलं असे. कवितांच्या मुद्रितांची एक जास्तीची प्रत तो गुपचूप माझ्या टेबलावर ठेवून जायचा. माझा तो एकुलता एक मित्र, असं म्हणायला हरकत नसावी.

दुसरे माझे दाजी, ताईचे यजमान. मी ताईकडेच राहायचो. मी त्यांना दाजी म्हणायचो म्हणून मावशीही म्हणायच्या, फोरमनही म्हणायचा, एकदा तर मालकांच्या तोंडून निघालं. गंभीर माणूस. क्वाड कानाशी धरून इतका वेळ हलवायचे की शिट्टीला राहवायचं नाही.

"अहो दाजी, पाळणा हलवताय का? झोपले ते कधीच!"

"तुझ्यासारखी घाई नाही मला. मी ऐकतोय."

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, शिट्टीकडून उद्या सोळा पानं सोडवून घ्या."

मग जुळणीचं यंत्र आलं. कळा दाबल्या की शिशाची आख्खी ओळ ओतून बाहेर पडायची. पाच माणसांचं काम एकाने करायचं. आमच्याकडे कंपोझिटर पाचच होते. त्यातले तिघे म्हातारे, त्यांनी आधीच हात वर केले. उरले दाजी आणि शिट्टी. मालकांनी दोघांना बोलावून सांगितलं, "तुम्ही दोघं एकाच दिवशी लागलात, दोघांचा हात सारखा. मी एकाला निवडला तर दुसरा मला जन्मभर शिव्या घालणार. यंत्रावर एकच बसेल, दुसऱ्याला मी फार तर सहा महिने ठेवू शकेन. तुमचं तुम्ही ठरवा आणि सोमवारी नाव सांगा."

मी पायऱ्यांवर उभा होतो, म्हणून पुढचं बोलणं मला ऐकू आलं.

"दाजी, तुम्हीच घ्या," शिट्टी म्हणाला. "घरात मी आणि आई. दोन ताटं. तुमची पोरं लहान आहेत."

"भीक घालतोस?"

"भीक कसली हो!"

"त्या यंत्राचा चित्रांचा कागद गेले आठ दिवस तुझ्या खिशात आहे. घडीवर फाटलाय तो. मला दिसत नाही होय?"

शिट्टीने खिशावर हात ठेवला.

"उद्या दगडावर टाकू," दाजी म्हणाले. "तीन टाका. हरेल त्याने तोंड वाकडं करायचं नाही."

"टाकू."

तो शनिवार. दुपारची सुट्टी. त्या दिवशी डबे कुणी उघडलेच नाहीत. 'सातावर', 'सातात' कुणी बोललं नाही. मावशींनी सुई खाली ठेवली. मी दगड पुसला. मला वाटलं, नीट पुसला.

शिट्टीने आधी टाकलं. तीन. मग दोन. मग चार. नऊ झाले. नऊ ही चांगली बेरीज आहे. कुणीतरी "शाब्बास" म्हणालं आणि जीभ चावली. दाजींनी टाकलं, दोन. दुसऱ्यांदा चार. सहा झाले. आता चार आले तर दाजी, तीन आले तर बरोबरी, कमी आले तर शिट्टी. दाजींनी क्वाड कानाशी धरले. शिट्टीने पाळण्याचं काही म्हटलं नाही.

टाक पडली. वरून बघणाऱ्या सगळ्यांना चार खाचा दिसल्या. मी वाकलो, एक डोळा मिटला आणि दगडाच्या पातळीत गेलो. उजवीकडच्या टोकाच्या क्वाडाखाली, खाच वर असलेल्या, मला उजेडाची रेघ दिसली. ओळींमध्ये अंतर सोडायला घालतात त्या शिशाच्या पातळ पट्टीचा नखाएवढा तुकडा दगडावर राहिला होता. मी पुसताना राहिला होता. क्वाडाची एक कड त्यावर चढली होती. टेकू होता.

आणि माझ्या तोंडून निघालं, "टेकू नाही."

हे दोन शब्द मी हजार वेळा बोललो असेन. ते तोंडात बसले होते. मुद्रित तपासणाऱ्याचा डोळा कधी कधी समोर छापलंय ते न वाचता छापायला हवं होतं ते वाचतो. तसंच झालं, असं मी पुढे चाळीस वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरंही वाटलं असतं. पण शब्द बाहेर पडल्यावर एक क्षण होता. मुद्रितावर सही केली तरी फर्मा यंत्रावर चढेपर्यंत चूक थांबवता येते, आणि तेवढा वेळ मला होता. त्या वेळात मी काय केलं? मी नेहमी डावीकडून मोजायचो. त्या दिवशी मी उजवीकडून सुरुवात केली. पहिलं बोट त्याच क्वाडावर ठेवलं आणि जरासं ढकललं. तो पट्टीवरून घसरून दगडावर बसला. टक्.

"एक," मी म्हणालो. मग दोन, तीन, चार.

शिट्टीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा शब्द अडला की माझ्या पायऱ्यांशी येऊन जसा बघायचा, तसा. मग म्हणाला, "पंच म्हणतोय ना चार? मग चार." दाजींचा हात हातात घेऊन हलवला. खिशातला तो फाटका कागद काढून त्यांना दिला. "घ्या. आतल्या बाजूला कळांची आकृती आहे, ती पाठ करा आधी."

सहा महिने तो थांबलाच नाही, सहा आठवड्यांत गेला. दुसऱ्या गावात वह्या-पेन्सिलींच्या दुकानात लागला असं कळलं. जाताना माझ्या टेबलावर कवितेचं एक मुद्रित ठेवून गेला, नेहमीसारखं. त्याचं वर्षाकाठी एखादं पत्र यायचं. मी उत्तर द्यायचो, हवापाण्याचं. मग तेही थांबलं. दाजींनी यंत्र चौदा वर्षं चालवलं, मग संगणक आले आणि यंत्र भंगारात गेलं. तोवर पोरं मार्गी लागली होती, डोक्यावर छप्पर झालं होतं. दगडावर खाचा पुन्हा पडल्या नाहीत. खेळायला माणसंच उरली नव्हती. निदान मी कारण तेच समजत होतो.

आणि मग सहा वर्षांपूर्वी ते पत्र आलं.

'प्रिय अनुस्वार,

माझी नात नऊ वर्षांची आहे. नऊ क्वाड अजून माझ्याकडे आहेत. हो, चोरलेलेच. फोरमन आता वर आहे, मी पोचल्यावर माफी मागेन. तिला खाचा शिकवल्या. रोज संध्याकाळी मला हरवते आणि माझ्याकडून पाढ्यांची वही भरून घेते. तिला तुमच्या सगळ्यांच्या गोष्टी सांगतो. त्या शनिवारची गोष्टही सांगतो आणि शेवटाशी आलो की अडखळतो. ती विचारते, मग आजोबा, तुम्ही हरलात का? मला सांगता येत नाही. तू बोट लावलंस तेव्हा मला टक् असं ऐकू आलं होतं. सपाट पडलेल्या क्वाडाला बोट लावलं तर आवाज येत नाही. पण वय झालं की माणूस आवाजसुद्धा मागाहून बनवतो. म्हणून विचारतो. टेकू होता का? होता किंवा नव्हता, एवढंच लिही. जे लिहिशील ते मी खरं मानेन. तेव्हाही मानलं होतं.

दाजींना आणि वहिनींना नमस्कार. हे पत्र त्यांना दाखवू नकोस.

तुझा शिट्टी'

तेव्हा दाजी होते. त्यांच्या कानावर गेलं तर म्हातारपणी जिवाला लागेल, असं म्हणून मी पत्र खणात ठेवलं. मागच्या वर्षी दाजी गेले. मग म्हटलं, ताईला काय वाटेल? आपला संसार कशावर उभा राहिला हे तिने या वयात का ऐकावं? कारणं शोधण्यात मी वाकबगार आहे.

गेल्या आठवड्यात बारावा कागद घेऊन बसलो होतो. ताई समोर लसूण सोलत होती.

"या वयात कुणाला लिहितोयस एवढं? रोज टोपलीत कागद असतात," ती म्हणाली. "बाई असेल तर सांग. मी काही आडवी येणार नाही."

"बाई कसली गं!"

"मग मला लपवतोस कशाला? मागच्या कागदावर 'प्रिय शिट्टी' होतं. मला एवढं वाचता येतं."

मी तिच्याकडे पाहिलं. मग खणातून पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. तिचा चष्मा आता जवळचं नीट दाखवत नाही. वाचून झाल्यावर मी म्हणालो, "टेकू होता, ताई. मी पाहिला होता." चाळीस वर्षांत पहिल्यांदा हे मी मोठ्याने म्हटलं.

तिने हातातली पाकळी सोलून पूर्ण केली.

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"त्या शनिवारी हे घरी आले, हात धुतले, पानावर बसले आणि म्हणाले, तुझ्या भावाने आज पहिल्यांदा चूक सोडली. मी म्हटलं, कुणाची? तर म्हणाले, माझी."

"त्यांना दिसलं होतं?"

"दिसलं कुठून? ऐकलं. कानाशी धरून ऐकायची सवय ना त्यांना. टक् झालं म्हणाले."

"मग बोलले का नाहीत?"

"रविवारी म्हणाले, उद्या मालकांना सांगतो, पुन्हा टाकू. सोमवारी गेले तर मालकांनी यंत्राची किल्ली हातात ठेवली, पेढा दिल्यासारखी. घरी आले ते किल्ली दाखवतच आले. धाकट्याची फी भरायची राहिली होती. मीच म्हटलं, राहू द्या आता." तिने साली गोळा केल्या. "मीच म्हटलं रे. तू एकटाच नाहीस काही."

"मला का नाही बोललात इतकी वर्षं?"

"तू आमच्यासाठी केलंस म्हणून तुला बोललो नाही. आम्हाला वाईट वाटेल म्हणून तू बोलला नाहीस. असे आपण तिघं शहाणे. आणि गावाबाहेर गेला तो बिचारा, तोंड वाकडं न करता."

मी म्हणालो, "तुमच्यासाठी केलं का, हेही मला नक्की माहीत नाही. त्या वेळी पोरं मनात आली असतील असं मी म्हणतो. पण खरं म्हणजे भीतीच आठवते. टेकू म्हटलं असतं तर सगळे माझ्याकडे बघणार होते. दाजींना पुन्हा टाकायला लागणार होतं, आणि पुन्हा टाकून ते हरले असते तर ते माझ्यामुळे."

"मग तसं लिही."

"पुन्हा टाकून दाजीही जिंकले असते. कुणी सांगावं?"

"तेही लिही. आणि त्यात ते तुझं 'कदाचित' घालू नकोस. माणूस शहात्तर वर्षांचा असेल आता. त्याला वाट बघायला लावलीस तेवढी पुरे." मग म्हणाली, "आणि मी 'राहू द्या' म्हटलं, तेही लिही. माझ्या नावाने लिही."

बारावा कागद मी त्याच बैठकीत पूर्ण केला. मला तो इथे उतरवून काढायचा नव्हता, पण मग हे सगळं सांगण्यात अर्थ राहत नाही.

'प्रिय शिट्टी,

टेकू होता. शिशाच्या पट्टीचा तुकडा माझ्याकडून पुसायचा राहिला होता. उजवीकडच्या क्वाडाची कड त्यावर होती. मी पाहिलं, आणि टेकू नाही म्हणालो. मग उजवीकडून मोजायला सुरुवात केली आणि बोटाने तो सपाट केला. तू ऐकलास तो आवाज खरा होता.

तू हरला नाहीस. जिंकलाही नाहीस, ती टाक पुन्हा पडायला हवी होती. ती मी पडू दिली नाही. दाजींसाठी नव्हे, मला भीती वाटली म्हणून. दाजींनाही तो आवाज ऐकू आला होता, हे मला परवा ताईने सांगितलं. ते मागच्या वर्षी गेले. सोमवारी मालकांना सांगणार होते, ताईने राहू द्या म्हटलं. हे तिने स्वतः लिहायला सांगितलंय.

तू माझं म्हणणं तेव्हा खरं मानलंस. मला तेच सगळ्यात जड जातं.

सहा वर्षं उत्तर दिलं नाही, त्याला कारण नाही. नातीला शेवट सांग.

तुझा अनुस्वार'

वाचून पाहिलं. एका ठिकाणी स्वल्पविराम खटकला. हात पेनाकडे गेला, तेवढ्यात ताईने कागद ओढून घेतला, घडी केली आणि पाकिटात घातला. पत्ता मी लिहिला. तो सहा वर्षांपूर्वीचा आहे, आणि तिथे आता कोण आहे हे मला माहीत नाही. त्याची नात पंधरा वर्षांची झाली असेल.

पोस्ट आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. ताईचे गुडघे दुखतात तरी ती बरोबर आली. माझ्यावर विश्वास नव्हता तिचा. खिडकीतल्या बाईने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं आणि विचारलं, "पोचपावती हवी का, काका?"

मी नाही म्हणणार होतो. सवयीने. मग म्हटलं, "हो. हवी."

तिने दोन्हीकडे शिक्के मारले, पाकीट मागच्या पिशवीत टाकलं आणि पावती माझ्या हातात दिली. बाहेर ताई कठड्याला टेकून उभी होती.

"टाकलंस?"

"टाकलं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि माझा हात धरून पायऱ्या उतरू लागली.